ग्रीसला जायचा महिना

"एप्रिल नको," मनोरमा म्हणाली. "एप्रिलात उर्मिलाच्या मुलीचं लग्न आहे."

उत्तम सावंतांनी वहीतल्या एप्रिलपुढे फुली मारली. वहीत बारा महिने जाड स्केचपेनने लिहिले होते, कारण बारीक अक्षर आता त्यांना दिसत नव्हतं. काचबिंदू. ऑपरेशन होऊनही नजर आक्रसत चालली होती. जानेवारीतच डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "फार तर वर्षभर. जे बघायचं ते बघून घ्या."

काय बघायचं ते सावंतांचं ठरलेलं होतं. अभिनव, आणि तो राहत होता तिथला समुद्र.

परळच्या शाळेत बत्तीस वर्षं त्यांनी भूगोल शिकवला. भूमध्य सागरी हवामान: उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात. हे किती पोरांकडून घोकून घेतलं त्याला गणती नाही, पण स्वतः कोकणाबाहेरचा समुद्र कधी पाहिला नव्हता. आणि दोन वर्षांपूर्वी, दोन हजार चार साली, त्यांचाच मुलगा ग्रीसच्या एका बेटावर हॉटेलात नोकरीला लागला. सावंतांनी मीरा रोडच्या त्यांच्या बिल्डिंगीत सातही मजले चढून पेढे वाटले. लिफ्ट बंद होती तरी.

"मग मे?"

"मेमध्ये लांज्याला दादाकडे आंबे उतरतात. दरवर्षी जातो आपण."

"आंब्यांसाठी पोराला भेटायचं नाही?"

मनोरमाने मान खाली घालून मेथी निवडायला घेतली.

जून ते ऑगस्ट सावंतांनी स्वतःच खोडले. तेव्हा तिकडे ऊन मी म्हणतं. खरा महिना सप्टेंबर. पाणी कोमट, गर्दी ओसरलेली. पण मनोरमाने भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. सप्टेंबरात पितृपक्ष, तो संपतो न संपतो तोच घट, पुढे दिवाळी. नोव्हेंबरनंतर तिकडे पाऊस लागतो, बेटावरच्या बोटी बंद होतात. बाराही महिन्यांवर फुली पडली.

सावंतांना राग आला. याच बाईने चार वर्षांपूर्वी ऐन पितृपक्षात फ्रीज घेतला होता, कारण तेव्हा सूट होती.

"स्टेशनजवळच्या ट्रॅव्हलवाल्यांचा ग्रुप मेमध्ये जातोय," ते म्हणाले. "तिथली स्वप्नाली म्हणाली, अंकल, दोनच सीट आहेत, उद्यापर्यंत सांगा. मी हो सांगतोय."

तेवढ्यात फोन वाजला. रविवारी अकराला अभिनवचाच असे.

"अरे, मेमध्ये येतोय आम्ही!" सावंत ओरडलेच.

पलीकडून अभिनव घाईघाईने बोलला.

"बाबा, मेमध्ये इथे सीझन सुरू होतो. मला सुट्टी नाय मिळणार. आईशी बोला ना. ती म्हणेल तेव्हा या."

"आई काय, ती कॅलेंडर घेऊन बसलीय." मग एकदम त्यांनी रिसीव्हर बायकोच्या कानाशी धरला. "ऐक, ऐक. लाटा ऐकू येतात. भूमध्य समुद्र आहे तो, मनोरमा!"

तिने ऐकलं. तिचे डोळे भरून आले. सावंतांना ते दिसलं नाही, ती त्यांच्या बाजूला उभी होती आणि बाजूचं त्यांना आता दिसतच नव्हतं.

फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "पुढच्या एप्रिलात जाऊ. नक्की. देवाशपथ."

"पुढच्या?" सावंत तिच्याकडे वळले. "डॉक्टर काय म्हणाले ते विसरलीस तू?"

"नाही विसरले."

"मग? आंधळा होऊन जाऊ मी तिथे? पोराचा चेहरा हाताने चाचपू?"

मनोरमाने कॅलेंडर परत भिंतीवर लावलं. चाळीस वर्षांच्या संसारात ती इतकी दगडासारखी कधी वागली नव्हती. सावंतांनी वही मिटली आणि ते दुपारी न जेवताच आडवे झाले. सोमवारी स्वप्नालीला फोन करून त्यांनी सीट नको म्हणून सांगितलं. बायको नाही म्हणाली तर एकटं विमानात चढणं त्यांच्या डोळ्यांना झेपणारं नव्हतं.

मंगळवारी मनोरमा भाईंदरहून बसने किनाऱ्यावरच्या तारोडीला गेली. तिथे सुके बोंबील स्वस्त मिळतात म्हणून महिन्यातून दोनदा ती जायचीच. पिशवीत डिंकाचे लाडू होते. कोळीवाड्याच्या टोकाला, समुद्राला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीचं दार तिने वाजवलं.

दार अभिनवने उघडलं.

बर्फाच्या कारखान्यात काम करून त्याच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. त्याने पिशवी घेतली, पण उघडली नाही.

"सीट घेतली त्यांनी?"

"नाही. सोडायला लावली मी."

"आई, आता सांगून टाकूया. एजंटने फसवलं, खोट्या व्हिसामुळे विमानतळावरूनच परत पाठवलं. माझी काय चूक आहे त्यात?"

"तुझी नाही रे. पण तुझ्यासाठी गावची जमीन विकली त्यांनी. रोज संध्याकाळी खाली बाकावर बसून लोकांना ग्रीस सांगत असतात. तेवढ्यावरच जगतायत ते. हे ऐकून नाही उठणार पुन्हा."

"मग किती दिवस थांबवणार तू त्यांना?"

मनोरमाने पदराने तोंड पुसलं.

"पुढच्या एप्रिलपर्यंत. तोवर त्यांना काहीच दिसेनासं होईल. मग इथेच घेऊन येते त्यांना."