‘अहो’चं स्थलांतर

सांगलीच्या स्मृतिकेंद्रात कुमुदिनीबाई खुर्चीत बसल्या होत्या. त्यांच्या थकलेल्या मेंदूतल्या आठवणी दोन दिवसांपासून क्लाउडवर चढत होत्या. आता फक्त मेंदूच्या जागी क्लाउड जोडायची शेवटची अदलाबदल उरली होती. ती चालेल तेवढे चार सेकंद त्यांना काहीच आठवणार नव्हतं.

"आजी, एक घोळ आहे," यंत्रावर बसलेली शाल्मली म्हणाली. "एका माणसाला एक्केचाळीस हजार आठवणी जोडल्यात आणि नावाच्या रकान्यात नुसतं ‘अहो’ आहे. यंत्र म्हणतंय, हे नाव नाही. नाव भरलं नाही, तर त्या सगळ्या आठवणी मागेच राहतील."

शेजारी बसलेले त्यांचे यजमान खो खो हसले. "बावन्न वर्षांत माझं नाव घेतलं नाहीस. घे आता!"

"इश्श! असंच कसं घेऊ?" कुमुदिनीबाईंनी पदर सावरला आणि उखाणा घेतला,

"डोक्यातला संसार चढला ढगात,
मुकुंदरावांचं नाव घेते चार सेकंदांच्या आत."

शाल्मलीने हसत रकान्यात ‘मुकुंदराव’ भरलं आणि बटण दाबलं. चार सेकंद कुमुदिनीबाई नवऱ्याकडे परक्यासारख्या बघत राहिल्या. मग त्यांच्या डोळ्यांत ओळख परतली.

"मुकुंदराव," त्या शेजाऱ्याशी बोलावं तशा म्हणाल्या, "निघू या का घरी?"

मुकुंदरावांचं हसू मावळलं. ते शाल्मलीकडे वळले.

"पोरी, माझं नाव ‘अहो’च आहे. तुझ्या यंत्राला तेवढं समजावून सांग."