अस्तंगत बुध

जान्हवी तीन वर्षांची झाली तरी बोलेना, तेव्हा रोशन आणि पुनम तिची पत्रिका घेऊन चामोर्शीच्या गुरुजींकडे गेले.

"पोरीचा बुध सूर्याच्या अगदी जवळ आहे," गुरुजी म्हणाले. "सूर्याच्या तेजात ग्रह झाकून जाते, त्याले अस्त म्हणतात. बुध म्हणजे वाचा. सातवं सरलं का बोलते पोरगी. तवरीक रोज तिच्या कानात बुधाचा जप करा."

पुनमने एक दिवस चुकवला नाही. धानाच्या रोवणीच्या दिवसांतही चिखलाच्या बांधीत उतरण्याआधी ती लेकीला मांडीवर घेई आणि कानाला ओठ लावून एकशे आठ वेळा जप करी. जान्हवी खुदूखुदू हसे.

"पाहा, ऐकून राह्यली," पुनम नवऱ्याला सांगे.

सातवं सरलं, तरी जान्हवी बोलली नाही. शाळेतल्या बाईंनी हट्टच धरला, म्हणून दोघं तिला चंद्रपूरला दवाखान्यात घेऊन गेले. तपासण्या झाल्यावर रोशनने भीतभीत विचारलं, "डॉक्टरसाहेब, बोलन ना पोरगी?"

 

"ही जन्मापासून बहिरी आहे. चार वर्षं आधी आणली असती, तर ऑपरेशन करून ऐकू आलं असतं, बोललीही असती. आता फार उशीर झाला."