दुसरा हात

उत्खननात सापडलेलं तीन हजार वर्षांपूर्वीचं ते फुटकं मडकं कसं घडवलं असेल, हे पुरातत्त्वाची संशोधक असलेल्या स्मृतीला काही केल्या उलगडेना. शेवटी तिनं ते उचललं आणि केलगेरी गावच्या वेणूबाई कुंभारणीपुढं नेऊन ठेवलं. मडकं बाहेरून थापटताना आतून गोटा धरतात, त्याचे खळगे म्हातारीनं बोटांनी चाचपले.

"इथं हात बदललाय बघा बाई. खाली खोल, वर उथळ. करणारी मधेच गेली असणार."

"गेली म्हणजे?"

"वारली की! आमच्यात अजून तसंच आहे. माणूस गेलं तरी त्याचं ओलं मडकं मोडत नाहीत. घरातलं दुसरं कुणीतरी पुरं करतंय."

तुलनेसाठी स्मृतीला एकाच हातानं घडवलेलं मडकं हवं होतं. "सगळं तुमच्याच हातचं हवं हं, वेणूअक्का," असं बजावून ती निघाली.

महिन्यानं ती न्यायला गेली, तेव्हा भाजलेलं मडकं सुनेनं पुढं केलं. "अक्का कुठायत?" असं विचारतच स्मृतीनं सवयीनं आत हात घातला.



निम्म्यापर्यंत खळगे खोल होते. तिथून वर उथळ.