थोरलीचं नाव

बाळंतीण कोनाला एका जागी बसवेना. अंगणात सासूनं बाळाला मांडीवर घेतलं होतं. तांदळाच्या पिठाचे गोळे वाटून झाले होते. आता फक्त मुलीचं नाव सांगायचं राहिलं होतं. शेर्ब्रो जमातीच्या घरात मुलीचं नाव काय ठेवायचं हा प्रश्नच नसतो. आईची पहिली मुलगी ती बॉई, दुसरी ती येमा. आईनं आपल्या तोंडानं सांगायचं, की झालं.

तेच तर तिला जड जात होतं. बॉई तिला आधीच झाली होती, लग्नाच्या चार वर्षं आधी, खाडीपलीकडं शेंगे गावात. बाप पळून गेला, पोर आजीपाशी राहिली, आणि इकडं बाँथ गावाला सून होऊन येताना कोनानं तिचं नाव गिळून टाकलं. आज हिला बॉई म्हटलं, की शेंगेची ती पोर जन्मलीच नाही असं होणार. येमा म्हटलं, की हे घर सुटणार.

ती उठली, कोंबडा उगाच दुसऱ्या खुंटाला बांधून परत आली.

"अगं, बूड टेक की! मुंग्या लागल्यात का?" सासू खेकसली. माहेन तिचं नाव; गावची सुईण. तिच्या जिभेला सगळं बाँथ वचकून असे.

"बॉई म्हण आणि मोकळी हो," नवरा जोसाया हसत म्हणाला. "लोकांना भुका लागल्यात."

कोनानं तोंड उघडलं. तो शब्द जिभेवर आला आणि तिथंच अडला. शेंगेहून होडी सुटली तेव्हा चार वर्षांची पोर किनाऱ्यावर उभी होती. रडलीसुद्धा नव्हती. कोनाला ते आजही सहन होत नव्हतं.

"येमा," ती म्हणाली.

जोसायाचं हसू मावळलं. "दुसरी? मग पहिली कुठाय?"

"शेंगेला. माझ्या आईजवळ. सहा वर्षांची आहे."

"आणि हे तू आज सांगतेस? चारचौघांत?"

"ओरडू नकोस, बाळ दचकतंय," माहेन म्हणाली. "हिचं बाळंतपण मी केलंय. पहिलटकरीण कशी असते ते मला कळत नाही होय? सात दिवस हिच्या तोंडाकडं बघतेय, आज बोलेल, उद्या बोलेल म्हणून."

 कोना मटकन खाली बसली.

"पण आई, आपलं घराणं..." जोसाया म्हणाला.

"कुठलं घराणं? ज्याचा मूळपुरुष विलायतेहून गलबतानं आला तेच ना? तिकडं बायकापोरं सोडून आला होता मेला. आपल्या पणजीनं त्याला घरात घेतलं, म्हणून तू आज घराण्याच्या गप्पा मारतोस! ऊठ, होडी काढ."

मग तिनं जमलेल्या लोकांकडं पाहिलं. "जेवून घ्या सगळे आणि परवा परत या. थोरली घरात आल्याशिवाय धाकटीचं नाव ठेवत नाही आम्ही."