खंडेनवमीची अंघोळ

नायट्राइडच्या पातळ फिल्मला एकदा विजेचा झटका दिला, की त्याची दिशा वीज गेल्यावरही तिनं लक्षात ठेवायची असते. अमरावतीच्या प्रयोगशाळेत आकांक्षानं चार वर्षांत दोनशे फिल्म वाढवल्या. एकीलाही काही आठवत नव्हतं. पीएचडीची मुदत संपत आली होती.

खंडेनवमीला कंत्राटी शिपाई उत्तमरावांनी फिल्म वाढवायचं स्पटरिंगचं मशीन बाहेरून साबणाच्या पाण्यानं धुतलं, हळदकुंकू लावलं आणि वर झेंडूची माळ चढवली.

"काका, हे मशीन हाय का म्हैस?"

"मॅडम, म्हैस बी पहिले धुवा लागते, मंग दूध देते."

तिनं लेखी तक्रार केली. दसऱ्यानंतर उत्तमराव घरी बसले.

त्यानंतरची पहिलीच फिल्म चालली. तिनं तेव्हा तापमान दहा अंशांनी वाढवलं होतं, म्हणून सगळं श्रेय तापमानाला गेलं. त्यावरच प्रबंध झाला, पदवी मिळाली. अकोल्याला सत्कार घेऊन ती बडनेऱ्याला उतरली, तर फलाटावर उत्तमराव केळी विकत होते.

"साबण लावला तं नायट्रोजनच्या नळीच्या जोडापाशी बुडबुडे आले, मॅडम. गॅस तिथंच गळून राहिला होता, तुमच्या फिल्मले पुरंल कसा? मी नट कसून देला. तेच सांगाले आलतो, पण तुमी गेटावरूनच वापस धाडलं."

आकांक्षानं त्यांचे दोन्ही हात घट्ट धरले.



"काका, हे तुमी कोणाले सांगितलं तं नाई ना?"