शेकलेली हलगी

कुस्तीच्या मैदानाबाहेर उसाचं पाचट पेटवून ज्ञानू आवळे हलगी शेकत बसलेले दिसले, तशी त्यांची नात तेजल धावतच सुटली.

“आज्जा, अरे ही कातड्याची न्हाई!”

म्हातारा दचकला. पन्नास वर्षांच्या सवयीनं हातांनी परस्परच काम उरकलं होतं. कातडी मिळेनाशी झाल्यापासून हलग्यांवर काचधातूचा, म्हणजे आतून काचेसारखी विस्कळीत रचना असलेल्या धातूचा, पातळ पत्रा बसवू लागले होते. तो ना सैल पडे, ना शेकावा लागे. हा पत्रा तर तेजलनंच प्रयोगशाळेत दोन वर्षं खपून ओतला होता.

“यातले अणू जत्रेतल्या गर्दीगत कसेबी उभे असतात,” ती रडवेली होऊन म्हणाली. “धग लागली की जागोजागी रांगा धरतात, बारीक बारीक स्फटिक होतात. आता ठिसूळ झाला पत्रा. आज फुटंल, न्हाईतर उद्या.”

आत कुस्ती पुकारली होती. आज्जानं हलगीवर टिपरू मारलं. आवाज घुमला, भरदार आणि खोल. आखाड्यातले पैलवान वळून बघू लागले. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

तेजल बघतच राहिली. असा आवाज जन्मात ऐकला नाही, असं सांगत हा माणूस तिची हलगी वर्षभर गावोगाव मिरवत होता.

“आज्जा, खरं सांग. आधी कशी वाजायची?”

“ताटावर उलथनं हाणल्यागत.”

“मग बोलला का न्हाईस?”

“तू केली होतीस न्हवं,” आज्जा म्हणाला, आणि फुटायच्या आत वाजवून घ्यायला लगबगीनं आत गेला.