अकराची हजेरी

तिसऱ्या दिवशीही बदकीण गैरहजर निघाली.

आप्पांनी घड्याळ पाहिलं. अकरा वाजून पाच मिनिटं. परसातल्या कौलांच्या ढिगाआड, पिसांच्या कचऱ्यात नऊ अंडी बेवारशी पडलेली, आणि आईचा पत्ता नाही. आप्पांनी कचेरीत तीस वर्षं हजेरीपट सांभाळला होता. ठोक अकराला लाल रेघ मारायची आणि रेघेनंतर आलेल्याचं काही ऐकून घ्यायचं नाही, हा त्यांचा खाक्या. निवृत्तीनंतर कारकून सुटले, आप्पांची रेघ काही सुटली नाही. त्यांनी वहीत लिहिलं, "सलग तिसरी गैरहजेरी. परिसर अस्वच्छ." मग रोजच्यासारखी पिसं झाडून काढली. काल झाडली, परवा झाडली, तरी आज पुन्हा होतीच.

"अहो, दुपारी बसलेली असते की ती," माई स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाल्या.

"दुपारी आल्याला हजेरी म्हणत नाहीत," आप्पा म्हणाले, आणि अंडी टोपलीत भरून घरात घेऊन आले.

बुटांच्या खोक्यात कापूस आला. वर चाळीस वॅटचा दिवा लागला. शेजारी पाण्याची वाटी, आत तापमापक. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने नंबर. दर चार तासांनी अंडी उलथायची, त्याचं वेळापत्रक भिंतीवर. जाताजाता दोन शेजाऱ्यांना बोलावून खोकं दाखवण्यात आलं. पिल्लं निघायला अजून किती दिवस, हे आप्पांना ठाऊक नव्हतं, पण उशीर खपवून घेणार नाही असा एकंदर चेहरा होता.

संध्याकाळी सून रक्तपेढीतल्या कामावरून परतली. आठ महिन्यांची नात आप्पांच्या मांडीवर होती. सून दोन महिन्यांपूर्वी पुन्हा कामावर जायला लागली, तेव्हापासून आप्पांच्या पोटात काही साठलं होतं. आज त्याला तोंड फुटलं.

"कसल्या एकेक आया असतात," आप्पा खोक्याकडे बघत म्हणाले. "जन्म द्यायचा आणि चालू पडायचं. मग म्हातारे आहेतच दिवा लावून बसायला."

माईंच्या हातातलं भांडं ओट्यावर जरा जोरातच आदळलं. सुनेने वाकून मुलीला उचललं.

"आप्पा, आठ नंबर दिव्यापासून लांब आहे. गार पडेल," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या बोळातला सुतार आला. काखेत बदकीण.

"आप्पा, हिची अंडी तुमच्या परसात होती का हो? कालपासून गळा काढून बोळभर फिरतेय. दाण्याला तोंड लावत नाही."

"ती अंडी टाकून गेली होती," आप्पा म्हणाले. "तीन दिवस अकराला तपासलंय मी. लेखी आहे."

"अकराला?" सुतार हसला. "अहो, अकराला मी दाणे टाकतो! दिवसातनं तेवढी एकदाच उठते. येते, बकाबका गिळते, पळत जाते. वीस मिनिटं म्हणजे डोक्यावरून पाणी. आणि टाकून कसली जाते? स्वतःची पिसं उपटून अंड्यांवर पांघरूण घालून मग निघते." त्याने बदकीण उलटी धरून दाखवली. "पण हे काही कळत नाही बघा. एवढी कधी उपटत नाही. रोज नवीन पांघरूण करत होती की काय, देव जाणे."

छाती उघडी पडली होती. कातडी लाल दिसत होती. आप्पांनी ओट्याखालच्या झाडूकडे पाहिलं नाही.

"लगेच ठेवा नेऊन," सुतार म्हणाला. "उबेत होती ना? मग घेईल कदाचित. सांगता येत नाही."

आप्पांनी नऊच्या नऊ अंडी स्वतःच्या हाताने परत नेऊन ठेवली. केरातून सापडतील तेवढी पिसं वेचून वर घातली. बदकीण मात्र लांबूनच बघत राहिली.

एक वाजला. एक ते तीन ही आप्पांची झोपेची वेळ. त्या वेळात घरात कुकरलासुद्धा शिट्टी मारायची परवानगी नव्हती. आज डोळा लागेना. ते गुपचूप परसात आले आणि पाण्याच्या टाकीमागे बादली पालथी घालून बसले. येते की नाही? पाच मिनिटं गेली. दहा गेली. मग बदकीण डुलत डुलत आली, पिसं चोचीने बाजूला केली, एकेक अंडं पोटाखाली ओढलं आणि बसली. आप्पांनी श्वास सोडला.

तेवढ्यात मागचं फाटक आवाज न करता उघडलं.

सून होती. धापा टाकत, चपला हातात घेऊन. दुपारच्या उन्हाने फरशी तव्यासारखी झालेली. ती चवड्यांवर, जवळजवळ नाचतच, ती ओलांडून गेली. दार वाजवावं लागलं नाही. माई नातीला घेऊन आत उभ्याच होत्या. सून स्वयंपाकघरात पाटावर बसली आणि मुलीला छातीशी घेतलं. सगळं असं सराईत, की हे आजचं नव्हे, दोन महिन्यांचं आहे, हे समजायला वहीची गरज नव्हती. आप्पांचा हात सवयीने घड्याळाकडे गेला. त्यांनी घड्याळ काढून खिशात टाकलं.

परत निघताना तिला ते दिसले. बादलीवर बसलेले, मान खाली, टाचेला चिकटलेलं एक पीस.

ती जागीच थबकली. आप्पा उठले. तीस वर्षं लोक त्यांच्यापुढे उभे राहून उशिराची कारणं सांगत आले होते. स्वतः काय सांगतात अशा वेळी, ते त्यांना आठवेना.

"बसली का हो ती?" सुनेने हळूच विचारलं.

आप्पांनी होकाराची मान डोलावली.

"बरं झालं." तिने एक पाय उचलून दुसऱ्यावर ठेवला. "आप्पा, आता तुम्हाला कळलंच आहे, तर उद्यापासून चपला घालून आले तर चालेल का? फरशी फार भाजते."